या दारातून गेलेला

आमच्या मजल्यावर दोनच घरं, दारं समोरासमोर. मधे जेमतेम दोन माणसं वळतील एवढी जागा आणि भिंतीत एक खिडकी. चांगला उजेड तिथेच असतो, म्हणून मी शिवणाचं मशीन दारातच टाकलंय. लोकांचे ढगळ कपडे बेताचे करायचे, तोकडे लांबवायचे, पडद्यांना पट्टी लावायची, हा माझा धंदा. हात कामात असले तरी कान मोकळे असतात. समोरच्या घरात काय चाललंय ते मला कळतं. कळून घ्यायची इच्छा नसते असं म्हणायला जीभ रेटत नाही.

समोर आत्या राहतात. त्या खऱ्या आत्या एकाच माणसाच्या, पण सगळा जिना त्यांना आत्याच म्हणतो. त्यांचा भाऊ आणि भावजय लागोपाठ गेले तेव्हा भाचा अजून रांगत होता. आत्यांनी स्वतःचं लग्न मनातून काढून टाकलं आणि त्याला वाढवलं. तो पुढे मोठमोठ्या जनरेटरांचा मेकॅनिक झाला. बंद पडलेल्या यंत्रावर नुसता कान ठेवला तरी त्याला दुखणं कळायचं. त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मी तिला वहिनी म्हणते, आत्या सूनबाई म्हणतात.

आत्यांची अख्खी नोकरी दारात गेली. नाटकाच्या थिएटरात त्या दारावर उभ्या असायच्या. तिकिटं फाडायची, उशिरा आलेल्यांना अंधारात हाताला धरून जागेवर नेऊन बसवायचं, अंक चालू असताना दार वाजू द्यायचं नाही. तिथे कुठकुठल्या नाटक मंडळ्या यायच्या आणि प्रत्येक मंडळी आपापल्या समजुती घेऊन यायची. आत्यांनी त्यातल्या दारांबद्दलच्या तेवढ्या उचलल्या, एकही सोडली नाही. उंबऱ्यावरून वस्तू द्यायची नाही की घ्यायची नाही. उंबऱ्यात उभं राहून बोलायचं नाही; एक तर तुम्ही आत या, नाहीतर मी बाहेर येते. ज्या दारानं आलात त्याच दारानं जा. आणि निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. मारली गेलीच, तर त्यानं परत आत यावं, घटकाभर बसावं, घोटभर पाणी प्यावं आणि मग जणू पहिल्यांदाच निघतोय असं निघावं.

या इमारतीत कुणाच्याच दाराला उंबरा नव्हता. आत्यांनी सुताराला बोलावून तो बसवून घेतला. लोक अडखळून पडतील, असं सुतार सांगत होता. पडू देत, निदान दारातून आलोय हे तरी लक्षात राहील, असं आत्या म्हणाल्या. पडलेही. पोस्टमन पडला, मी पडले, नवी नवरी म्हणून मिरवत आलेली वहिनी पहिल्याच दिवशी तोंडावर आपटली. आम्ही हसायचो. आत्या स्वतःही हसायच्या, पण नियम ढिला करायच्या नाहीत. शिवलेली पँट द्यायला मी गेले की मला पाय उचलून आत जावंच लागायचं, आणि आत गेलं की चहा आलाच.

तर हा मेकॅनिक एका हिवाळ्यात दूरच्या डोंगरात कामाला निघाला. तिकडे बोगदा खणत होते. छावणीतले जनरेटर बघायला पक्का माणूस हवा होता. बर्फ पडलं की रस्ते बंद व्हायचे, म्हणजे एकदा गेलेला माणूस उन्हाळ्याच्या तोंडाशीच परत. खाली गाडी येऊन हॉर्न मारत होती. तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला, आणि वहिनीचं लक्ष खुंटीकडे गेलं. त्याचं जाड जॅकेट तिथेच लटकत होतं. ती तशीच जिन्यावर धावली आणि तिनं मोठ्यानं हाक मारली.

तो हसत हसत वर आला. ती जॅकेट घेऊन दारात उभी होती. त्यानं ते उंबऱ्याबाहेरूनच तिच्या हातून ओढलं, तिच्या गालाला हात लावला आणि पुन्हा पळाला. बसला नाही, पाणी प्यायला नाही. आत्या आत टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी सूनबाईकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. मी मशीनवर होते, मी हे सगळं पाहिलं.

हिवाळ्याच्या ऐन मध्यावर डोंगराचा कडा छावणीवर आला. बातमी आली, आणि तिच्या मागोमाग कंपनीनं हेलिकॉप्टरनं खाली उतरवलेली पेटी आली. बरोबर आलेल्या माणसानं हळूच सांगितलं की पेटी उघडू नका, बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. जॅकेट त्याचं होतं, जॅकेटच्या खिशात त्याचं ओळखपत्र होतं. एवढी खूण पुरेशी धरली गेली, आणि आम्हालाही ती पुरली. पेटी पुढच्या खोलीत ठेवली होती. नेताना ती दारात अडकली. आमची जागा अरुंद, त्यात तो उंबरा. तिरपी करावी लागली, तेव्हा तिचा कोपरा चौकटीवर घासला आणि लाकडाची एक लांब ढलपी निघाली. आत्यांनी तो आवाज ऐकला आणि दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली. टेकडीखालच्या दफनभूमीत त्याला माती दिली, नाव कोरलेला दगड बसवला.

त्यानंतर त्या घरात दोघी जणी राहिल्या. भांडण नाही, धुसफूस नाही. आत्या तिला बोल लावतील अशी मला धास्ती होती, पण एक शब्द नाही. वहिनी कामावर जायची, यायची. दोघी जेवायच्या, भांडी घासायच्या, दिवे मालवायच्या. एका दुपारी वहिनी माझ्या दारात येऊन बसली आणि मशीनखालच्या चिंध्या उचलून घड्या घालायला लागली. मग म्हणाली की हाक तिनं मारली होती. मी म्हटलं, वेडी आहेस का, तिकडे डोंगर कोसळला त्यात तुझ्या हाकेचा काय संबंध. ती म्हणाली की तिलाही तसंच वाटतं, आठ तास दुकानात उभी असताना तसंच वाटतं. पण घरी आली आणि दार उघडलं की आत्यांची ती नजर आठवते. आत्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांच्या मनात तेच असणार.

मीही ती नजर पाहिली होती.

उन्हाळा तोंडावर आला. एका सुट्टीच्या सकाळी वहिनी माझ्याकडे आली. तिला फोन आला होता. डोंगरापलीकडच्या कुठल्याशा हॉस्पिटलातली नर्स बोलत होती. घरात दुसरं कुणी आहे का, असं तिनं आधी विचारलं. मग जे सांगितलं ते ऐकून वहिनीनं फोन ठेवून दिला, कारण अशी थट्टा करणारी माणसंही असतात. फोन पुन्हा वाजला. या वेळी पलीकडे एक पुरुष बोलत होता. तोंडात खडे धरल्यासारखे शब्द येत होते. तो म्हणाला, "ठेवू नकोस. मीच आहे. माझा जबडा नीट जुळलेला नाही, म्हणून आवाज असा येतोय."

झालं होतं ते असं. त्या रात्री छावणीत कडाक्याची थंडी होती. बोगद्याच्या तोंडावर पहारा करायची पाळी एका तरुण ड्रिलवाल्याची होती आणि त्याच्या अंगात पातळसा कोट होता. मेकॅनिक जनरेटरच्या खोलीत, तिथे ऊबच ऊब. त्यानं आपलं जॅकेट काढून पोराला दिलं आणि पोराचा कोट स्वतःच्या अंगात अडकवला. कडा आला तेव्हा ड्रिलवाला जागीच गेला. मेकॅनिक सापडला तेव्हा त्याचं डोकं फुटलेलं, जबडा मोडलेला, एक पाय चेचलेला आणि तोंड सुजून भोपळ्यासारखं झालेलं. अंगातल्या कोटात ड्रिलवाल्याचं ओळखपत्र. दोन्ही घरी निरोप गेले. आमच्याकडे मरणाचा आला, ड्रिलवाल्याच्या बापाकडे जगल्याचा.

तो बाप नदीवरचा नावाडी. बायको नाही, एकुलता एक मुलगा. घाट बर्फानं बंद, निघता येईना. म्हणून तो दर आठवड्याला हॉस्पिटलात फोन करायचा. नर्स फोन पेशंटच्या कानाला लावून धरायची. मेकॅनिकला कित्येक आठवडे धड शुद्ध नव्हती. आपण कोण, कुठे, काही समजत नव्हतं. जबडा तारेनं बांधलेला. त्या धुक्यात एक म्हातारा आवाज यायचा आणि सांगायचा की नदीला पाणी किती आहे, नावेला नवीन डांबर लावलंय, कुत्रं नावेतच झोपायला लागलंय, तू घाई करू नकोस. पुढे त्याचं डोकं निवळत गेलं तेव्हा हा आवाज आपल्या कुणाचा नाही हे त्याला उमगलं. तार निघाल्यावर त्यानं डॉक्टरांना आपलं नाव सांगितलं. डोक्याला मार लागलेली माणसं असं काहीबाही बोलतात, असं डॉक्टर म्हणाले. तोवर घाट मोकळा झाला होता आणि नावाडी मुलाला न्यायला निघालाही होता. तो वॉर्डाच्या दारापर्यंत आला, पलंगाकडे बघितलं आणि तिथेच थांबला. मग आत येऊन पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला आणि हा माझा मुलगा नव्हे, एवढंच म्हणाला. तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं.

आता मेकॅनिकला घरी सोडणार होते. कुबड्यांवर चालता येत होतं. त्याला एकट्याला पाठवता येणार नव्हतं, तर नावाडी म्हणाला, मी नेतो. त्यालाही इकडे यायचंच होतं. त्याचा मुलगा इथे होता.

हे सगळं आत्यांनी खुर्चीत बसून ऐकलं. मग उठल्या, पाण्याची बादली आणि फडकं घेतलं आणि उंबरा धुवायला लागल्या. धुताधुता खाली मान घालूनच त्यांनी सांगितलं की तो या दारातून आत येणार नाही.

वहिनीला वाटलं, त्यांना धक्का बसलाय. पण आत्यांचं डोकं ठिकाणावर होतं. ज्याची माती झाली तो परत आला तर त्याला नेलेल्या दारानं घ्यायचं नाही, हे त्यांना एका म्हाताऱ्या नटानं सांगितलं होतं. नाटकात मेलेला माणूससुद्धा शेवटी टाळ्या घ्यायला दुसऱ्या विंगेतून येतो. नेलेल्या दारानं घेतला तर तो टिकत नाही, दार त्याला परत मागतं. वहिनीनं समजावलं, मी समजावलं. आत्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच सांगायच्या. शेवटी एकदाच त्यांचा आवाज फाटला.

"तुम्हाला हसायचं तर हसा. मी त्याला इथून रडून काढलंय. पुन्हा काढायची वेळ आली तर माझ्यात ताकद नाही."

त्यावर कुणाला हसू येणार?

मागच्या बाजूला स्वयंपाकघराला लागून एक लोखंडी जिना होता. पूर्वी सफाईवाले त्यानं यायचे, आता कबुतरं वापरायची. तिथून त्याला आणायचं, असं आत्यांनी ठरवलं. कुबड्या आहेत तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलावा. खालच्या मजल्यावरच्या प्लंबरला जिना तपासायला सांगितलं. तो गडी उत्साहानं चढला, आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवताच ती पायरी निखळून खाली कचऱ्याच्या डब्यावर पडली. प्लंबर कठड्याला लोंबकळत म्हणाला की आत्या, या जिन्यानं आणलात तर त्याला खरंच दुसरा दगड लागेल. आत्यांनी स्वयंपाकघराचं मागचं दार लावून घेतलं. दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यांचा हट्टही सुटत नव्हता. वहिनी मला म्हणाली की ती दारात उभी राहून वाद घालणार नाही. तो येतोय एवढंच तिला पुरे आहे, वाटलं तर माझ्या घरी ठेवून घेऊ. मी बाजेवरच्या चादरी बदलून ठेवल्या.

दुपारी ते आले. खालून आधी कुबड्यांचा आवाज आला, एक ठोका, मग एक पाय घासत. वहिनी पायऱ्या उतरून गेली. पहिल्या मजल्याच्या वळणावर आवाज थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी खाली वाकून बघितलं नाही, एवढं मात्र मी केलं. मग तीन माणसांची पावलं सावकाश वर यायला लागली.

मेकॅनिक अर्धा राहिला होता. जबडा एका बाजूला सरकलेला, केस पांढुरके. मागे नावाडी, दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या, रापलेला, उंच, जिन्याच्या छपराखाली वाकून चालत होता. आत्या आपल्या दारात आतल्या बाजूला उभ्या होत्या. भाच्याला बघून त्यांचा चेहरा असा काही झाला की मीच नजर फिरवली. पण त्यांचा हात चौकटीवर आडवा होता.

"आत्या, येऊ का?" त्यानं विचारलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "तिथेच थांब जरा."

तो थांबला. त्याला कारण विचारावं लागलं नाही, त्या घरातच तो वाढला होता. माझ्या चौकटीला टेकून त्यानं एक कुबडी भिंतीला उभी केली. मी स्टूल आणलं. बसता बसता तो वहिनीला म्हणाला की आत्याचं काही चुकलं नाही, त्याला स्वतःलाही अजून आपण परत आलो असं धड वाटत नाहीये. वाटेत चौकातला वाणी त्याला बघून दुकानाच्या आत पळाला होता. तो सांगताना हसत होता. वहिनीनं त्याचे हात आपल्या हातात घेतले.

नावाड्यानं पिशव्या खाली ठेवल्या आणि काय अडलंय ते मला विचारलं. मी सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती. एवढ्या लांबून दुसऱ्याचं माणूस सांभाळत आणून देणाऱ्याला आम्ही जिन्यात उभं केलं होतं. त्यानं मधे एकदाही टोकलं नाही. माझं सांगून झाल्यावर तो आत्यांच्या समोर जाऊन उभा राहिला, उंबऱ्याच्या बाहेर, हात लावला तर लागेल इतक्या अंतरावर.

"बाई," तो म्हणाला, "या दारातून गेला तो माझा मुलगा. तुमचा अजून कुठे गेलाय?"

आत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात हळूहळू खाली आला.

मला वाटलं, आता त्या भाच्याला आत बोलावतील. पण त्या दोघांचं बोलणं संपलं नव्हतं. नावाड्यानं विचारलं की त्याला कुठे ठेवलं होतं. आत्यांनी मागे वळून पुढच्या खोलीतली जागा दाखवली, खिडकीखालची, आणि खिडकी उघडी ठेवली होती हेही सांगितलं. कोण कोण होतं, असं त्यानं विचारलं. आत्यांनी एकेकाचं नाव घेतलं, अख्खा जिना होता. रडलं का कुणी? तेव्हा वहिनी खाली बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आम्ही सगळेच रडलो." त्यानं मान हलवली. मग आत्यांनी चौकटीवरचा तो घासलेला भाग दाखवला, पेटी इथे अडली होती म्हणून. नावाड्यानं त्यावर बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"तो लहानपणापासून असाच," तो म्हणाला. "कुठल्या दारातून सरळ गेलाच नाही. उंची माझी, आणि लक्ष भलतीकडे."

आत्यांनी उंबऱ्यावरून हात पुढे केला. उंबऱ्यावरून हात धरायचा नाही, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलेलं. त्यांनी नावाड्याचा हात धरला आणि त्याला आत घेतलं. तो वाकून गेला तरी कपाळ आपटलंच. मग मेकॅनिक उठला. कुबड्या टेकत उंबऱ्यापाशी आला, एक कुबडी उंबऱ्यात अडकली आणि तो पुढे झेपावला. आत्यांनी त्याला छातीवर झेललं. दोघं तसेच उभे राहिले. वहिनीनं पडलेली कुबडी उचलली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी माझ्या हातून एक टाका धड पडला नाही.

पुढचं वहिनीनं सांगितलं. जेवताना नावाडी अधूनमधून ताटावरची नजर उचलून तिच्याकडे बघत होता. शेवटी त्यानं विचारलं की ते जॅकेट तिनं विकत घेतलं होतं का. तिनं सांगितलं, हो, तिनंच घेतलं होतं, आणि मग तिला राहवलं नाही. तो निघताना ते विसरला होता, मी हाक मारून परत बोलावलं आणि दिलं, असं सगळं ती बोलून गेली. आत्या समोर बसलेल्या होत्या. नावाडी चमचा खाली ठेवून म्हणाला की कड्याचं तर कुणाच्या हातात नव्हतं. पण माझ्या पोराला त्या रात्री थंडी वाजली नाही, हे मी हॉस्पिटलात ऐकल्यापासून मनात धरून आहे. तुम्ही हाक मारली नसती तर तो कुडकुडत गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. वहिनी बटाटे सोलत होती. आत्यांनी आपणहून विषय काढला, तोही असा की जणू मिठाचा डबा कुठे ठेवलाय ते विचारताहेत. तू एवढे महिने हे पोटात ठेवून होतीस? वहिनी म्हणाली, तुम्ही बघितलंत ना माझ्याकडे त्या दिवशी.

"बघितलं," आत्या म्हणाल्या. "जॅकेट मलाही दिसलं होतं. तुझ्या आधी दिसलं होतं. हाक मारायची नाही म्हणून मी ओठ आवळून उभी राहिले. तू धावलीस तेव्हा मला वाटलं, बरं झालं, घरात एक तरी माणूस आहे. पेटी आल्यावर मात्र मला दोन्ही बाजूंनी खायला उठलं. हाक मारली म्हणून गेला म्हणावं, तर मनात मीही मारलीच होती. तुला काय बोलणार होते?"

वहिनीनं सुरी खाली ठेवली. मग दोघींनी उरलेले बटाटे सोलले.

नावाडी काही दिवस राहिला. सगळे मिळून दफनभूमीत गेले, मीही गेले. दगडावर मेकॅनिकचं नाव होतं आणि मेकॅनिक कुबड्यांवर त्याच्या समोर उभा होता. असं दृश्य पुन्हा बघायला मिळणार नाही आणि मिळूही नये. नावाडी जमिनीवर बसला. आम्ही लांब जाऊन थांबलो. तो बोलत होता, ओठ हलताना दिसत होते. मेकॅनिक म्हणाला की पाण्याचं सांगत असेल.

मुलाला उकरून गावी न्यायची परवानगी मिळाली असती, कंपनीचा माणूस तसं म्हणालाही. नावाड्यानं दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाला. इथे त्याच्यासाठी माणसं रडली आहेत, तिकडे मी एकटाच आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. पाथरवटाला बोलावून दगडावरचं नाव तासून घेतलं आणि त्याच्या मुलाचं नाव कोरलं. जुनं नाव खोल गेलेलं, त्यामुळे दगड मधेच थोडा खोलगट झालाय. पाऊस पडला की तिथे पाणी साचतं आणि चिमण्या येतात. आत्या दर आठवड्याला जातात, आधीही जायच्याच.

मेकॅनिकचं गाडं रुळावर यायला वर्ष गेलं. तो जिवंत आहे हे कचेऱ्यांना पटवून देताना त्याच्या नाकी नऊ आले. एका साहेबानं तर त्याला समोर बसवून, तुमच्या वारसाला घेऊन या, असं सांगितलं. त्याचे बूट प्लंबरला दिले होते ते परत आले, सायकल आली नाही. काही शेजारी त्याच्याशी बोलताना अजूनही जरा हातचं राखून बोलतात. रात्री तो दचकून उठतो, असं वहिनी सांगते. डोंगरात तो पुन्हा गेला नाही. बर्फाच्या कारखान्यात लागलाय, तिथली यंत्रं बघतो. आवाज अजून थोडा चावल्यासारखा येतो, पण त्याची आता सवय झाली.

गेल्या उन्हाळ्यात ते तिघे नावाड्याकडे जाऊन आले. मी त्यांच्या कुंड्यांना पाणी घालत होते. परत आल्यावर आत्या माझ्याकडे आल्या, आत येऊन खुर्चीत बसल्या आणि नदीचं वर्णन करायला लागल्या. पाणी हिरवं, पलीकडचा काठ धूसर, कुत्रं म्हातारं झालंय. नावेत चढताना त्यांची पंचाईत झाली होती. दार नाही, उंबरा नाही, कुठला पाय आधी टाकावा, आणि चुकला तर काय. त्यांनी नावाड्यालाच विचारलं. तो म्हणाला की कुठलाही टाका, फक्त मधोमध टाका, नाहीतर नाव कलंडेल.

मग त्यांनी पिशवीतून एक पडदा काढला. नावाड्याच्या खिडकीचं माप आणलं होतं. खालची शिवण दुहेरी घाल, तिकडे वारा फार असतो, असं त्यांनी मला बजावलं, आणि चहा झाला का म्हणून विचारलं.